धर्मपरीक्षेतील प्रश्न आणि उत्तर: एक पूर्वपीठिका

सुवर्णमहोत्सवाच्या या स्मरणिकेत देवळाच्या पायाभरणीची, घंटेची, वेदीची आणि उदार दात्यांची हकीकत इतर लेखकांनी यथास्थित दिली आहे. प्रस्तुत लेखकाने आपल्यासाठी निवडलेला विषय देवळाच्या पाठीमागील त्या लांबट खोलीतला आहे. तेथे दर रविवारी मिस्सा आटोपल्यावर आपली मुले धर्मशिक्षणास बसतात आणि वर्षअखेर परीक्षा देतात. त्या परीक्षेचा निकाल लागला की एक तक्रार हटकून कानी येते: "फादर, सारे पुस्तक पाठ होते, मग गुण कमी का?" आईबाप विचारतात, मुलेही विचारतात, आणि खरे सांगावयाचे तर उत्तरपत्रिका तपासताना मीही स्वतःस हेच विचारीत असतो. कारण पुष्कळदा मुलाला येत असते, पण विचारलेले येत नसते. पापनिवेदन का करावे, असा प्रश्न असतो. उत्तरात पापनिवेदन कसे करावे याच्या पायऱ्या क्रमवार लिहिलेल्या असतात. एकही पायरी चुकलेली नसते आणि प्रश्न मात्र जसाच्या तसा उभा राहतो.

ही अडचण आजकालची असावी असा कित्येकांचा समज आहे. तो बरोबर नाही. धर्माविषयी प्रश्न कसा ऐकावा व त्याला उत्तर कसे द्यावे, ही ख्रिस्तसभेत फार जुनी विद्या आहे. बारा वर्षांचा प्रभू येशू यरुशलेमच्या मंदिरात शास्त्र्यांमध्ये बसलेला आढळला, तेव्हा तो त्यांचे ऐकत होता आणि त्यांना प्रश्न विचारीत होता, असे संत लूक लिहितो. ऐकणे आधी, विचारणे मागाहून. त्याच्या उत्तरांनी लोक थक्क झाले ही गोष्ट त्यापुढची. हा क्रम वाचकांनी ध्यानात ठेवावा.

प्राचीन ख्रिस्तसभेत परीक्षा म्हणजे विश्वासांगीकार परत करणे. बाप्तिस्म्यापूर्वी उमेदवारास विश्वासांगीकाराचे शब्द तोंडी दिले जात. त्याने ते मनात साठवावे आणि ठरल्या दिवशी सर्व मंडळीसमोर म्हणून दाखवावे, अशी रीत होती. संत ऑगस्टीन यांनी आपल्या आत्मनिवेदनाच्या आठव्या भागात अशाच एका परीक्षेची कथा दिली आहे. मारिउस विक्टोरिनुस हा चौथ्या शतकातील रोमचा नामांकित वक्तृत्वशिक्षक. त्याचा पुतळा सार्वजनिक चौकात उभारलेला होता. म्हातारपणी तो ख्रिस्ती होऊ लागला, तेव्हा तेथील धर्मगुरूंनी लाजऱ्या उमेदवारांना देत तशी सवलत त्यालाही देऊ केली: उंच जागी उभे राहून सर्वांसमक्ष म्हणण्याऐवजी एकांतात म्हटले तरी चालेल. विक्टोरिनुसने ती नाकारली. आयुष्यभर वक्तृत्व आपण चारचौघांत शिकविले, त्यात तर तारण नव्हते. मग ज्यात तारण आहे ते लपून का बोलावे, असा त्याचा विचार. तो वर चढताच ओळखीच्या लोकांतून त्याच्या नावाची कुजबूज उठली, मग सारे ऐकण्यासाठी स्तब्ध झाले, आणि त्याने खणखणीत स्वरात अंगीकार केला. शब्द त्याला इतरांनीच दिलेले होते. त्यात त्याचे स्वतःचे एक अक्षर नव्हते. तरीही ते उत्तर त्याचेच होते. पाठांतराला नावे ठेवणाऱ्या आधुनिक गुरुजनांनी हे उदाहरण विसरू नये.

पण पाठांतराने सगळेच भागत नाही हेही त्याच ऑगस्टीन यांना पुरते ठाऊक होते. इ. स. 400 च्या सुमारास कार्थेजच्या देओग्रातियास नामक डीकनाने त्यांना लिहिले की, नवशिक्यांना शिकविताना माझे बोलणे मलाच कंटाळवाणे वाटते, काय करावे? उत्तरादाखल ऑगस्टीन यांनी एक छोटा ग्रंथच लिहून पाठविला. त्यात ते म्हणतात की, आलेल्या माणसाला ख्रिस्ती का व्हावयाचे आहे हे प्रथम विचारावे आणि तेथूनच बोलण्यास आरंभ करावा. तो नुसता गप्प बसला, तर त्याला समजले की नाही हे प्रश्न करून पाहावे, त्याच्या मनातील शंका निर्भयपणे बोलू द्यावी. आणि तो उभा राहून थकला असेल, तर त्याला बसावयास आसन द्यावे! त्या काळी आफ्रिकेत श्रोते उभ्यानेच प्रवचन ऐकत, म्हणून ही सूचना. परीक्षकांसाठी लिहिलेल्या एवढ्या जुन्या ग्रंथात विद्यार्थ्याच्या पायांचाही विचार केलेला आहे, हे वाचून मला नेहमी संकोच वाटतो; आमच्या खोलीतील बाके अजून डगमगतात.

प्रश्नोत्तराची ही विद्या पूर्णत्वास नेली ती मध्ययुगीन विद्यापीठांनी. पॅरिसला एखादा प्रश्न मांडून त्यावर उलटसुलट वाद करणे, हा अध्यापनाचा नित्यक्रमच होता. शिवाय आगमनकाळात व उपवासकाळात खास सभा भरत, त्यांत कोणीही, कशाविषयीही प्रश्न विचारावा आणि आचार्यांनी उत्तर द्यावे. संत थॉमस आक्विनास या शाळेत वाढले. त्यांनी 1265 च्या सुमारास 'सुम्मा थिओलॉजिए' हा ग्रंथ आरंभिला. 1274 साली मृत्यू आला तेव्हा तो अपुराच राहिला. हा महाग्रंथ पंडितांसाठी असावा असे त्याचा आकार पाहून वाटते, परंतु प्रस्तावनेत थॉमस सांगतात की तो नवशिक्यांसाठी आहे, आणि निरुपयोगी प्रश्नांच्या व युक्तिवादांच्या गर्दीने नवशिके गोंधळून जातात म्हणून आपण तो लिहीत आहो. आम्हा सेमिनरीतील नवशिक्यांना ते वाक्य प्रथम वाचताना हसू आले होते. पुढे आले नाही.

त्या ग्रंथातील कोणतेही एक कलम घ्या, रचना तीच. "ईश्वर आहे काय?" हा प्रश्न पहा. थॉमस आपले मत लगेच सांगत नाहीत. प्रथम विरुद्ध बाजू मांडतात, आणि तीही दुबळी करून नव्हे. जगात वाईट आहे, आणि अनंत चांगुलपणा असता तर वाईट उरते ना. शिवाय सृष्टीतील सर्व गोष्टींचा उलगडा निसर्गाने आणि मानवी बुद्धीने होत असेल, तर ईश्वराची गरज काय? आजचा एखादा नास्तिक वक्ता याहून जोराचे फारसे काही बोलत नाही. त्यानंतर "परंतु याच्या उलट" म्हणून शास्त्रातील एकच छोटे वचन येते: देवाने मोशेला आपले नाव सांगितले ते. मग "मी उत्तर देतो" असे म्हणून पाच मार्गांनी प्रतिपादन, आणि अखेरीस आरंभीच्या दोन्ही आक्षेपांना एकेक करून प्रत्युत्तर. आक्षेप घेतला आणि विसरला, असे कोठेही घडत नाही.

ही जुनी रचना आजही परीक्षेच्या खोलीत जिवंत आहे. इंग्लंडमधील शाळांतून सोळाव्या वर्षाच्या सुमारास धर्मविषयाची जी परीक्षा होते, तीत एक विधान देऊन त्याचे परीक्षण करावयास सांगतात: बाजूची कारणे द्या, वेगळे मत द्या, धर्माच्या शिकवणीचा आधार घ्या, आणि सकारण निर्णयास या. हे थॉमसांचेच कलम, फक्त पगडी बदललेली. तेथील मुलांच्या उत्तरांत जे दोष पडतात तेच आमच्याकडेही पडतात. विरुद्ध मत देताना "काहीजण असे म्हणत नाहीत" एवढ्यावर भागवितात. ते काहीजण कोण, आणि त्यांचे कारण काय, हे सांगत नाहीत. शास्त्रवचन द्यावयाचे म्हटले की अर्धा अध्याय उतरवून काढतात आणि त्याचा प्रश्नाशी संबंध जोडावयास विसरतात. थॉमसांना एक ओळ पुरली. आणि निर्णयाच्या ठिकाणी "दोन्ही मते आपापल्या परीने बरोबर आहेत" असे लिहून लेखणी खाली ठेवतात. सौजन्य म्हणून ते ठीक आहे, पण त्याला निर्णय म्हणता येत नाही.

कित्येक प्रश्नांत मात्र वेगळीच मेख असते, आणि ती ओळखणे हे विद्वत्तेचे काम नव्हे. 1431 साली रुआँ येथे जोन नावाच्या एकोणीस वर्षांच्या शेतकरी मुलीची धर्मन्यायालयापुढे चौकशी चालली होती. तिला लिहिता वाचता येत नव्हते. समोर विद्यापीठाचे पंडित बसलेले. 24 फेब्रुवारी रोजी तिला विचारण्यात आले, तू देवाच्या कृपेत आहेस हे तुला ठाऊक आहे काय? हो म्हणावे तर गर्व, कारण ही गोष्ट निश्चयाने जाणण्याचा दावा कोणी करू नये अशी शिकवण. नाही म्हणावे तर पापाची कबुली. तिने दोन्ही दारे टाळली. नसेन तर देवाने मला कृपेत घ्यावे आणि असेन तर देवाने मला कृपेत राखावे, अशा आशयाचे तिचे उत्तर नोंदले गेले आहे. प्रश्न हो की नाही असा होता, म्हणून उत्तरही हो की नाही असेच असले पाहिजे, या सापळ्यात ती अडकली नाही. तिला जाळले, 1456 साली तो निवाडा रद्द झाला, आणि 1920 साली ती संतपदास पोचली.

आता आपल्या देशाकडे वळू. संत फ्रान्सिस झेवियर 6 मे 1542 रोजी गोव्यास उतरले. हातात घंटी घेऊन ते रस्त्यारस्त्यांतून मुलांना व गुलामांना दोत्रिनीस बोलावीत, ही कथा आपणा सर्वांस परिचित आहे. त्याच वर्षी ते दक्षिणेच्या मोती काढणाऱ्या कोळ्यांच्या किनाऱ्यावर गेले. तेथील लोकांचा बाप्तिस्मा काही वर्षांपूर्वीच झाला होता. ख्रिस्ती होऊन तुम्ही पूर्वीपेक्षा अधिक काय मानू लागलात, असे झेवियर यांनी त्यांना विचारले. उत्तर मिळाले की, आम्ही ख्रिस्ती आहो. याउपर तुमची भाषा आम्हाला कळत नाही, म्हणून काय मानावे ते आम्हाला ठाऊक नाही. या उत्तराला शून्य गुण देता येतील. मला तर ते सर्वांत प्रामाणिक उत्तर वाटते, आणि त्यातील नापास कोण, हे झेवियर यांनी बरोबर ओळखले. त्यांनी जाणत्यांना जमवून महत्प्रयासाने विश्वासांगीकार व प्रार्थना तमिळ भाषेत उतरविल्या, स्वतः पाठ केल्या, आणि गावोगाव शिकविल्या. एकेक कलम म्हणून झाले की ते विचारीत, हे तुम्ही मानता काय? लोक छातीवर हातांचा क्रूस करून एकसुराने उत्तर देत, की मानतो.

पुढे एक गोष्ट उघडकीस आली. त्या भाषांतरात "मी मानतो" या ठिकाणी जो तमिळ शब्द योजिला होता, त्याचा अर्थ "मला हवे आहे" असा निघत होता. तो शब्द बदलावा म्हणून झेवियर यांनी 1544 साली आपल्या एका सहकाऱ्यास पत्राने कळविले. तोपर्यंत हजारो माणसांनी, छातीवर हात बांधून, मला हवे आहे, मला हवे आहे असेच सांगितले होते. व्याकरणाच्या दृष्टीने हे चूक खरेच. ईश्वराने त्या उत्तरपत्रिका कशा तपासल्या असतील याविषयी माझ्या मनात संशय नाही. तथापि शब्द दुरुस्त करण्याची घाई संतांनी केली, हेही तितकेच शिकण्याजोगे आहे.

त्याच शतकात युरोपात प्रश्नोत्तरांची छापील पुस्तके निघू लागली. लूथर यांचे छोटे पुस्तक 1529 चे. कॅथलिकांत संत पीटर कानिसियुस यांचे 1555 मध्ये निघाले. ट्रेंटच्या परिषदेनंतर 1566 साली रोमने जी धर्मशिक्षणाची पोथी काढली, ती मात्र प्रश्नोत्तररूप नाही. ती धर्मग्रामाच्या धर्मगुरूंनी वाचावी म्हणून लिहिली होती, आणि माझ्यासारख्यांनी अजूनही वाचावी. सर्वांत मौजेची गोष्ट संत रॉबर्ट बेलार्मिन यांच्या पुस्तकांची आहे. त्यांनी 1597 साली मुलांसाठी लहान पुस्तक लिहिले. त्यात गुरू विचारतो आणि शिष्य सांगतो. लगोलग 1598 साली शिकविणाऱ्यांसाठी मोठे लिहिले, त्यात शिष्य विचारतो आणि गुरूला सांगावे लागते. लहान पुस्तकाचा प्रसार अमाप झाला. आमच्या खोलीत बहुधा तेच चालू आहे. मोठ्याचा दिवस क्वचित उगवतो.

लेखी परीक्षेचे शास्त्र पाहू गेल्यास 1599 साली येशू संघाने आपल्या विद्यालयांसाठी जी शिक्षणपद्धती ठरवून दिली, तिच्याकडे जावे लागते. तीत व्याकरणाच्या वर्गांना शुक्रवारी अथवा शनिवारी दोत्रिन पाठ करून म्हणावयास लावीत. लेखी परीक्षा असे ती लॅटिन रचनेची. परंतु तिचे नियम कोणत्याही विषयास लागू पडावे इतके शहाणपणाचे आहेत. विद्यार्थ्याने वेळेवर यावे, म्हणजे विषय व सूचना नीट ऐकता येतील. लागणारे सर्व साहित्य बरोबर आणावे, दुसऱ्याकडे मागावयाची पाळी येऊ नये. दोन अर्थ होतील असे शब्द लिहिले, तर त्यांतील वाईट अर्थच धरला जाईल. कठीण जागा चुकविण्यासाठी शब्द गाळला वा बदलला, तर ती चूकच मोजली जाईल. शेजाऱ्याशेजाऱ्यांच्या उत्तरांत साम्य आढळले, तर कोणी कोणाचे उतरविले हे कळणे अशक्य असल्याने दोघांवरही संशय घेतला जाईल. आणि लिहून झाल्यावर उठू नये: जागेवरच बसून सारे काळजीपूर्वक पुन्हा वाचावे, सुधारावे, कारण एकदा हवाली केलेला कागद काही केल्या परत मिळणार नाही. लिहिण्यास किती वेळ व तपासण्यास किती, हे प्रत्येकास आधी ठाऊक असावे. सव्वाचारशे वर्षे झाली. उत्तरपत्रिका लवकर दिली म्हणजे हुशारी सिद्ध झाली, हा आमच्या मुलांचा समज त्या नियमकर्त्यांच्या काळीही असला पाहिजे. त्याशिवाय एवढ्या कडक शब्दांत नियम कशाला करावा लागता?

याच येशू संघाचे फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडहून 1579 साली गोव्यास आले आणि 1619 साली मृत्यू येईपर्यंत येथेच राहिले. त्यांचे ख्रिस्तपुराण 1616 साली गोव्याच्या साष्टी महालातील रायतूर येथे छापले गेले. आपल्या मराठी भाषेत ओवीबद्ध रचना करून त्यांनी झेवियर यांच्या कोळ्यांची तक्रार, म्हणजे तुमची भाषा कळत नाही ही, आपल्यापुरती मुळापासून दूर केली. त्या पुराणात श्रोते प्रश्न विचारतात, शंका काढतात, आणि पाद्री त्यांना उत्तरे देतो. नुसते आख्यान चाललेले नसते. त्यांची कोंकणी दोत्रिन त्यांच्या मागे, 1622 साली, प्रसिद्ध झाली. ती पोर्तुगीज दोत्रिनीच्या आधाराने रचलेली, गुरुशिष्यांच्या प्रश्नोत्तरांची आहे. आपल्या मातीतील धर्मपरीक्षेची वंशावळ या दोन पुस्तकांपर्यंत जाते.

मधली शतके सोडून विसाव्याच्या आरंभी येतो. संत दहावे पियुस यांनी 1905 साली आज्ञापत्र काढून, दर रविवारी तासभर धर्मशिक्षण देणे हे प्रत्येक धर्मग्रामाच्या धर्मगुरूचे कर्तव्य ठरविले. 8 ऑगस्ट 1910 रोजी त्यांच्या अनुज्ञेने दुसरे आज्ञापत्र निघाले. तोपर्यंत कित्येक ठिकाणी मुलांना दहा, बारा, चौदा वर्षांपर्यंत पहिल्या कम्युनियनसाठी थांबवीत, कारण पुस्तक पुरे झाले पाहिजे. पियुस यांनी सांगितले की सातव्या वर्षाच्या सुमारास समज आली म्हणजे पुरे. धर्मसिद्धांतांचे संपूर्ण ज्ञान त्या वेळी आवश्यक नाही. मुलाने आपल्या शक्तीप्रमाणे तारणास अवश्य ती रहस्ये जाणावी, आणि ख्रिस्तप्रसादाची भाकर व साधी भाकर यांतील भेद त्याला ओळखता यावा.

हे आज्ञापत्र मी सेमिनरीत वाचले होते आणि त्यावर परीक्षाही दिली होती. तरीही जे सांगतो ते घडले. दीक्षा होऊन थोडीच वर्षे लोटली असताना, दुसऱ्या एका धर्मग्रामात, मी पहिल्या कम्युनियनच्या मुलांची तोंडी परीक्षा घेत होतो. आठ वर्षांच्या एका मुलीस विचारले, "होस्तिया आणि पाव यांत भेद काय?" पुस्तकातले उत्तर चार ओळींचे होते. ती थोडा वेळ माझ्याकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "फादर, पावाला पैसे पडतात. ह्याला पडत नाहीत." मागची मुले हसली. मला तो उद्धटपणा वाटला. मी पुस्तकातले उत्तर मागितले, ते तिला आले नाही, आणि मी तिला पुढील वर्षी यावयास सांगितले. तिची आई दुसऱ्या दिवशी आली होती. काही बोलली नाही, नुसती उभी राहून गेली.

त्या मुलीने भेद ओळखला होता. कृपा विकत मिळत नाही, हे मी तिला एका वर्षात शिकविले नसते, ते तिने घरच्या पावाच्या हिशेबावरून मला सांगितले होते. माझ्या प्रश्नाला ते उत्तर होते. मी मात्र पुस्तकाच्या प्रश्नाचे उत्तर ऐकत होतो. ऐकणे आधी, हा मंदिरातला क्रम परीक्षकालाही लागू आहे, ही गोष्ट मला कोणी परीक्षेत विचारली नव्हती. पुढल्या वर्षी तिने चारही ओळी एका दमात, एकही चूक न करता म्हटल्या. मी तिला पास केले.

याचा अर्थ पुस्तक मिटून ठेवावे असा कोणी काढू नये. विक्टोरिनुसने दिलेलेच शब्द म्हटले होते, आणि झेवियर यांनी एका शब्दासाठी पत्र धाडले होते. रोमनेही 1992 साली मोठी धर्मशिक्षणपोथी काढल्यावर 2005 साली तिचा जो संक्षेप केला, तो पुन्हा प्रश्नोत्तररूपच केला. त्यात 598 प्रश्न आहेत. ते पाठ करण्यास माझी मुळीच हरकत नाही. परंतु पाठ केलेले उत्तर ज्या प्रश्नाचे आहे, तो प्रश्न वाचूनच ते द्यावे.

म्हणून या महोत्सवी वर्षाच्या परीक्षेत, धर्मशिक्षकांशी विचारविनिमय करून, काही फेरफार योजिले आहेत. पहिली पाच मिनिटे कोणी लेखणी उचलावयाची नाही. प्रश्नपत्रिका वाचावयाची आणि "का", "काय", "कसे" या शब्दांखाली मनातल्या मनात रेघ ओढावयाची. मोठ्या वर्गांस एक विधान दिले जाईल. त्याच्या विरुद्ध जे कोणी बोलतात त्यांचे म्हणणे, ते स्वतः ऐकून मान्य करतील अशा शब्दांत, आधी लिहावयाचे आणि मग आपले उत्तर. शेवटची दहा मिनिटे पुनर्वाचनाची असून, त्यापूर्वी कोणाचीही उत्तरपत्रिका घेतली जाणार नाही. लहानांची परीक्षा तोंडीच राहील. ती घेताना माझ्याशेजारी एक धर्मशिक्षिका बसेल, आणि पुस्तकाबाहेरचे उत्तर आल्यास ते जसे आले तसे लिहून घेईल. त्यावर निर्णय आम्ही दोघे मिळून, मुले घरी गेल्यानंतर, करू. डगमगणारी बाके दुरुस्तीस दिली आहेत.